म्युनिकला येताय? आधी बुटांचं बघा

"ताई, तिकडे सगळे काय घालतात?"

सप्टेंबर उजाडला की हा प्रश्न यायला लागतो. ऑक्टोबरच्या मध्यावर इथल्या विद्यापीठांचे वर्ग सुरू होतात. त्यामुळे त्या सुमारास पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात कुणाच्या तरी पलंगावर दोन बॅगा आ वासून पडलेल्या असतात आणि आई त्यात एकेक स्वेटर कोंबत असते. प्रश्नामागचा प्रश्न मला कळतो: चारचौघांत नवखे दिसू नये म्हणून काय करायचं? मीही २०११ च्या नोव्हेंबरात तोच प्रश्न घेऊन इथे उतरले होते. तेव्हा सांगते ते म्युनिकचं. पॅरिस-मिलानचं मला विचारू नका, तिथली माणसं हौसेने कपडे घालतात. इथली खिडकीबाहेर बघून घालतात.

माझं जॅकेट लक्ष्मी रोडवरचं होतं. गुडघ्यापर्यंत लांब, रजईसारखं जाड, आणि त्याच्या आत एक सुती बिनबाह्यांचा कुर्ता. उबानमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, हीटर चालू. मला दरदरून घाम सुटलेला, आणि जॅकेट काढायची चोरी, कारण आत काहीच नाही. बाहेर आलं की तोच घाम पाठीवर गार पडायचा. पंधरा दिवसांत तापाने झोपवलं.

चूक जॅकेटची नव्हती, हिशोबाची होती. बाहेर उणे पाच आणि आत एकवीस, हा फरक दिवसातून दहा वेळा ओलांडावा लागतो. इथले लोक त्यावरच्या उपायाला कांद्याचं तत्त्व म्हणतात, त्स्वीबेलप्रिन्त्सिप. कांद्यासारखे पापुद्रे: अंगालगत पातळ बनियन, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. एकेक काढत जायचं, एकेक चढवत जायचं. अंगालगतचा थर मात्र सुती नको. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं. मेरिनो लोकरीचे दोन बनियन सहा सुती थर्मलना भारी पडतात. महाग वाटतील, पण रोज धुवावे लागत नाहीत, रात्री दांडीवर टाकले की सकाळी ताजे.

पहिली खरेदी कडाक्याच्या थंडीच्या जॅकेटची करू नका. ऑक्टोबरात उतरलात तर आधी लागेल ती उबरगांग्सयाके, म्हणजे दोन ऋतूंच्या मधल्या दिवसांचं जॅकेट. साधारण आठ ते पंधरा अंशांसाठी. आपल्याकडे या वस्तूला शब्दच नाही, कारण गरज नाही. इथे वर्षातले चार-पाच महिने तेच अंगावर असतं. ऑक्टोबरात सगळे असं पातळ जॅकेट आणि गळ्याभोवती मफलर एवढ्यावर फिरत असताना आपला एखादा मुलगा एव्हरेस्टला निघाल्यासारखा फुगलेला दिसतो. नवखेपणा ओळखू येतो तो तिथे. आणि मे महिन्यात ऊन पडलं म्हणून ते जॅकेट माळ्यावर टाकू नका. ११ ते १५ मे हे इथे 'बर्फाळ संतांचे' दिवस मानतात, शेवटचा दिवस 'थंड सोफी'चा. तोवर जाणती माणसं गॅलरीत फुलझाडंसुद्धा लावत नाहीत. उलट भर जानेवारीत आल्प्सवरून फ्योन नावाचा उबदार वारा सुटतो आणि दुपारी लोक स्वेटरवर कॉफी पीत बाहेर बसतात. सकाळी निघताना अंदाज बघायचा, कॅलेंडर नाही.

आता बूट. इथून दोनेक तासांवर हेर्त्सोगेनआउराख नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या दास्लर भावांचं भांडण झालं आणि एकाने प्युमा काढली, दुसऱ्याने आदिदास. १९४८-४९ ची गोष्ट. गाव दोन तटांत विभागलं, आणि समोरचा कुणाचा हे कळण्यासाठी लोक आधी त्याच्या पायांकडे बघत, म्हणून त्याला 'वाकलेल्या मानांचं गाव' म्हणू लागले. मला वाटतं, ती मान सगळ्या बव्हेरियाची, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याची, वाकलेली आहे. कपडे साधे असोत, चुरगळलेले असोत, कुणी काही म्हणत नाही. बूट मात्र बघतात. पांढरेशुभ्र धावायचे बूट, जीन्स आणि पाठीवर ऑफिसची बॅग, हा आपला ठरलेला गणवेश. त्याऐवजी घोट्यापर्यंतचे चामडी, गडद रंगाचे, जाड रबरी तळाचे एकच बूट घ्या. हिवाळ्यात ऑफिस, बाजार, थिएटर सगळीकडे चालतात. थोडे सैल घ्या, आत जाड मोजे जायला हवेत, आणि घट्ट बुटात पाय उलट जास्त गारठतो. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन-तृतीयांश, त्यामुळे आपल्या आठ नंबराला बहुतेक ४२ येतो, पण घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

बर्फ पडला की फुटपाथवर बारीक खडी टाकतात. ती तळाच्या खाचांत अडकते आणि घरातल्या लाकडी जमिनीवर चरे ओढते. म्हणून इथेही कुणाच्या घरी गेलात की बूट दारातच काढायचे. चपला बाहेर काढणारे काय आपण एकटेच नाही! काही घरांत पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपाता ठेवलेल्या असतात, त्यांना हाउसशू म्हणतात. नसतील तर तुमचे मोजे सगळ्यांना दिसणार. माझ्या नवऱ्याच्या अंगठ्याने त्याच्या साहेबांच्या घरी जेवणभर मोज्यातून डोकावून सगळ्यांची ओळख करून घेतली होती. मोजे भारतातून आणूच नका, आणि भोक पडलं की टाका.

बॅगेत काय भरायचं? बनियन सोडून आतले सुती कपडे भरपूर. तीन-चार कुर्ते. एक चांगली साडी, तिचे दोन ब्लाउज शिवून, फॉल-बिडिंग करून, कारण इथे पँटची घडी आत घालायचेसुद्धा सहज दहा-पंधरा युरो घेतात. सेफ्टी पिनांचं पाकीट. आत्याने विणलेला एक स्वेटर, एकच, बाकीच्यांचे फोटो काढा. इस्त्री करायचे शर्ट कमी, कारण कोपऱ्यावर इस्त्रीवाला नाही आणि इथे इस्त्री न केलेल्या शर्टाकडे कुणी ढुंकून बघत नाही. आयटीतल्या ऑफिसांत जीन्स, शर्ट, स्वेटर एवढंच चालतं. बँक किंवा विमा कंपनी असेल तर सूट लागेल, तो इथे येऊन घ्या.

पँटच्या लांबीवरून आठवलं. हे मला तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. इथे बायकांचं माप ३६, ३८, ४० असं चालतं, पुरुषांचं ४८, ५०, ५२. पण ते इथल्या उंचीचं. आपण पाच फूट एक इंचवाले ३८ ची पँट घातली की खाली वीतभर कापड लोळतं. तर उंचीने कमी असणाऱ्यांसाठी वेगळी मापं असतात आणि ती निम्म्या आकड्याने लिहितात: ३८ ची आखूड म्हणजे १९, ४० ची २०. पुरुषांत ५० ची आखूड म्हणजे २५. मी १९ चा आकडा बघून ते कपाट लहान मुलांचं समजून पुढे जायचे! सरळ 'कुर्त्सग्रोसं' म्हणून विचारा. आणि इटलीत खरेदी केलीत तर जर्मन ३८ तिथे ४४ होतो, फ्रान्समध्ये ४०. एकदम जाड झालो म्हणून घाबरू नका.

घ्यायचं कुठे? मारियेनप्लाट्सपासून कार्ल्सप्लाट्सपर्यंतच्या, फक्त पायी चालणाऱ्यांच्या रस्त्यावर स्वस्त-महाग सगळं मिळतं. जानेवारीच्या शेवटी हिवाळी मालाचा आणि जुलैच्या शेवटी उन्हाळी मालाचा भाव उतरतो. पूर्वी या सेलच्या तारखा कायद्यानेच ठरलेल्या असत. २००४ मध्ये तो नियम गेला, सवय राहिली. जड कोट पहिल्या वर्षी वापरलेला घ्या आणि दुसऱ्या वर्षीचा त्या सेलमध्ये. रविवारी दुकानं बंद, बाकी दिवशी आठला शटर खाली. ऑनलाइन घेतलेलं चौदा दिवसांत परत करायचा हक्क आहे. दुकानात जाऊन घेतलेलं परत घेणं मात्र दुकानदाराच्या मर्जीवर, म्हणून पावती जपा.

पुढचं कुणी तोंडावर सांगत नाही, म्हणून मी सांगते. एकदा तीन आठवडे भारतात राहून परत आले, घराचं दार उघडलं आणि पॅसेजमध्ये टांगलेल्या माझ्या लोकरी कोटाने स्वागत केलं. हिंग, मोहरी, करपलेला लसूण. महिनोन्‌महिने मी तो वास अंगावर घेऊन ऑफिसला जात होते आणि माझं नाक त्याला इतकं सरावलं होतं की मला पत्ताच नव्हता. वास वाईट असतो असं नाही. फोडणी वरणावर असते तोवर सुगंध, चार दिवसांनी कोटात असते तेव्हा नाही. इथल्या घरांत स्वयंपाकघर बरेचदा बैठकीलाच जोडलेलं, खिडक्या हिवाळ्यात बंद, आणि गॅसवरची चिमणी अनेकदा हवा बाहेर टाकतच नाही. कोळशाच्या गाळणीतून फिरवून ती परत घरातच सोडते. ती गाळणी बदलावी लागते, हेही मला उशिरा कळलं. आता फोडणीआधी झोपायच्या खोलीचं दार लावते, कोट त्या खोलीच्या कपाटात, आणि नंतर दहा मिनिटं खिडक्या सताड उघड्या, थंडी असली तरी. लोकरीला वास लागलाच तर कोरड्या थंडीच्या रात्री कोट गॅलरीत टांगा. धुण्यापेक्षा ते बरं. महागडं जॅकेट घेऊनही फोडणी अंगावर वागवत असाल तर पैसे वाया गेले असं समजा.

मुलं घेऊन येणाऱ्यांसाठी थोडं. आमची लेक पहिल्या दिवशी बालवाडीत गेली ती तुळशीबागेतला चुणीदार फ्रॉक घालून. तिला आणायला गेले तर बाकीची पंचवीस मुलं चिखलात लोळत होती आणि ही पायरीवर हात मांडीवर ठेवून बसलेली. बाईंनी माझ्या हातात यादी ठेवली: चिखलात घालायची रबरी पँट म्हणजे माचहोजं, गमबूट, बर्फाचा सूट, हाउसशू, बदलायचे कपडे, सगळ्यावर नाव. पाऊस असला तरी मुलं रोज बाहेर जातात, ते इथे शिक्षणच मानतात. हे सगळं नवं घेऊ नका. मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात चर्चच्या सभागृहांत मुलांच्या कपड्यांचे बाजार भरतात, पाच-सहा युरोत उत्तम माचहोजं मिळते. मुलगी दोन वर्षांनी तीच परत तिथे विकायला ठेवते.

सुट्टीत ब्रेनर घाट ओलांडून इटलीत जाल तेव्हा मात्र डोंगरात घालायचं जॅकेट घरी ठेवा. व्हेरोनाच्या चौकात ते घातलेली नवरा-बायकोची जोडी, बहुतेक एकाच रंगाची, दिसली की ती जर्मन हे इटालियन वेटरला लांबून कळतं. रोमला सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. एक सुती ओढणी पर्समध्ये ठेवा, बाहेर रांगेत कागदी शाली विकत घेणाऱ्यांची दया येईल. आणि इथल्या सौनात, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीत, जायची हौस असेल तर आधी माहिती काढा: तिथे कपडे चालत नाहीत, अगदी पोहण्याचेही.

आता ऑक्टोबरफेस्ट, म्युनिकची बिअरची जत्रा, जिला इथे वीझन म्हणतात. डिर्न्डल, म्हणजे बायकांचा एप्रनवाला पारंपरिक झगा, आणि पुरुषांची चामड्याची विजार लेडरहोजं घालावी का, हे सगळे विचारतात. घाला, पण स्टेशनबाहेरची चाळीस युरोची चकचकीत नको, ती बघून इथले लोक तोंड फिरवतात. हा पोशाख त्यांच्यासाठी सोंग नाही. १८८३ मध्ये बायरिशत्सेल गावात तो टिकवण्यासाठी पहिलं मंडळ निघालं, आणि हरणाच्या चामड्याची चांगली लेडरहोजं बापाकडून मुलाकडे जाते. पोरींनो, एप्रनची गाठ स्वतःच्या उजवीकडे बांधलीत तर तुमचं ठरलेलं आहे, डावीकडे असेल तर नाही. आधी ठरवून मग बांधा.

२०२३ मध्ये वीझन १६ सप्टेंबरला सुरू झालं आणि गणपती बसले १९ ला. आमच्या गणपती मंडळाचा कार्यक्रम शनिवारी होता. मी नऊवारी नेसून, नथ घालून उबानच्या यू५ गाडीत शिरले तर अख्खा डबा डिर्न्डल आणि लेडरहोजंने भरलेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही. शेजारच्या सत्तरीच्या आजींनी काष्ट्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "किती मीटर आहे हो हे?" आठाच्या वर, म्हटलं. "आणि शिवलेलं कुठेच नाही?" कुठेच नाही. त्यांनी आपल्या एप्रनची गाठ चाचपली, मान हलवली. मग नजर खाली गेली, माझ्या पायांतल्या कोल्हापुरीवर थांबली.

"एवढं सगळं छान केलंत," त्या म्हणाल्या, "आणि पायांत हे? संध्याकाळी पाऊस आहे."

रात्री नऊला बाहेर पडलो तेव्हा तो लागलाच होता.