मुलांच्या कपाचा वास घालवायला बसण्यापूर्वी

हे काम रात्री, मूल झोपल्यावरच काढा. भिजवणं आणि त्यानंतर सगळे भाग खडखडीत वाळणं यात पूर्ण रात्र जाते. म्हणून सकाळच्या पाण्यासाठी दुसरा कप किंवा साधा पेला आधीच धुऊन ठेवा, नाहीतर घाईघाईत ओलाच कप जोडला जातो आणि दोन दिवसांत कुबट वास परत येतो.

मग कप सुटा करायचा, अगदी शेवटच्या तुकड्यापर्यंत: झाकण, तोटी, नळी, आतला व्हॉल्व्ह आणि झाकणाच्या खाचेत बसलेला सिलिकॉनचा वायसर. सोडवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, व्हॉल्व्हची सुलटी बाजू नंतर आठवत नाही. वायसर बोटाने निघत नसेल तर चमच्याचा दांडा वापरा. सुरी किंवा पिन नकोच, तिने बारीक चिरा पडतात आणि दूध त्यांतच जाऊन बसतं. आता एकेक भाग वेगळा हुंगा. आमच्याकडचा एक कप मी आठवडाभर घासत होते, तरी आंबूस वास हटेना. शेवटी वायसर काढून उलटा केला, तर आतल्या कडेला पिवळसर थर, बोटाला बुळबुळीत लागणारा. कपाला स्वतःला वास नव्हताच.

सामान थोडंच लागतं. सगळे भाग बुडतील असं पसरट भांडं, खायचा सोडा, पांढरं व्हिनेगर, नळीत जाणारा बारीक लांब ब्रश, खाचांसाठी मऊ दातांचा नवा टूथब्रश. भांडी घासायचं लिक्विड मात्र बिनवासाचं घ्या. सिलिकॉन तेल आणि वास धरून ठेवतं; सुवासिक साबणाचा वास त्यात मुरला की मूल एक घोट घेऊन तोंड फिरवतं, आणि आपल्याला वाटतं त्याला तहानच नाही. तारेची घासणी जवळही आणू नका, ओरखड्यांत घाण साचते.

पहिलं पाणी गार किंवा कोमट हवं. दुधाचं प्रथिन कडकडीत पाण्याने आणखी चिकटून बसतं, म्हणून आधी दूध धुऊन काढायचं, मग गरम पाणी आणि साबण. यानंतर एक लिटर कोमट पाण्यात 4 मोठे चमचे सोडा विरघळवून सगळे भाग दोनेक तास त्यात बुडवून ठेवा. नळी पाण्याखाली आडवी धरून तिच्यातले बुडबुडे बाहेर पडू द्या. आत हवा अडकली तर तेवढा भाग कोरडाच राहतो, आणि वास नेमका तिथेच असतो. नासक्या दुधाचा वास आम्लाचा असतो, त्यावर सोडा चालतो. तरीही वास उरला तर भाग स्वच्छ धुऊन व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन अर्धा तास भिजवा. सोडा आणि व्हिनेगर एकदम कालवू नका. फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात. आणि ब्लीच व त्यापाठोपाठ व्हिनेगर असा प्रयोग तर कधीच नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

उकळायचा विचार असेल तर कपाच्या तळाशी किंवा सूचनांच्या कागदावर परवानगी आहे का ते आधी वाचा. दुहेरी भिंतीचा स्टीलचा कप उकळू नये.

वाळवायला जाळीची जागा मोकळी ठेवा. फडक्याने पुसू नका, ओल्या फडक्यातले जंतू परत कपावर येतात. नळी उभी, वायसर सुटा.

जमल्यास जादा व्हॉल्व्ह आणि वायसर घरात असू द्या. व्हॉल्व्हच्या चिरेत काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. घासत बसू नका, तो भाग टाकून द्या. सकाळी जोडण्याआधी वायसर पुन्हा एकदा हुंगा, कप जोडून पाणी भरा आणि बेसिनवर पालथा धरून बघा. थेंब गळला तर बहुधा व्हॉल्व्ह उलटा बसलाय.