खाऱ्या पाण्यातील बेडूक आणि सोलापूरची प्रयोगशाळा

एम.एस्सी.च्या लघुप्रबंधासाठी मी खेकडेखाऊ बेडकाचा विषय घेतला, तेव्हा तोंडी परीक्षेला आलेल्या एका परीक्षकांनी ‘समुद्र कुठे, सोलापूर कुठे?’ असे विचारून तो हसण्यावारी नेला होता. आमच्या भागातून प्राणिशास्त्राकडे वळणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न पुढेमागे ऐकावा लागतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर लिहिते.

या बेडकाचे आजचे शास्त्रीय नाव फेजरवार्या कॅन्क्रिव्होरा. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स या आग्नेय आशियाई देशांतील कांदळवनांत आणि खाजणांत तो राहतो. कोकणच्या खाडीत तो मिळेल या आशेने कोणी निघू नये. जुन्या लेखनात तो राना कॅन्क्रिव्होरा या नावाने येतो. मी पहिले दोन महिने केवळ नवे नाव शोधत बसले आणि गॉर्डन, श्मिट-निल्सन व केली यांचा १९६१ चा पायाभूत शोधनिबंध माझ्या हाती लागलाच नाही. कोणत्याही प्राण्यावर वाचन सुरू करताना त्याची सगळी जुनी नावे आधी वहीत उतरवून घ्यावीत.

मूळ अडचण समजून घ्यायला प्रयोगशाळेचीही गरज नाही. मे महिन्यात लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी सुटते. बेडकाच्या कातडीतून पाण्याची ये-जा सहज होत असल्यामुळे सामान्य बेडूक समुद्राच्या पाण्यात टाकला, तर त्याचीही अवस्था त्या फोडीसारखीच होते. खेकडेखाऊ बेडकाने यावर काढलेला मार्ग शार्क माशाच्या मार्गाशी मिळताजुळता आहे. यकृतात तयार होणारा युरिया लघवीवाटे फेकून न देता तो रक्तात आणि स्नायूंत साठवतो. त्यामुळे शरीरातील द्रव बाहेरच्या पाण्याइतकाच, किंबहुना किंचित अधिक, संहत म्हणजे दाट होतो आणि पाणी बाहेर ओढले जात नाही. प्रौढ बेडूक अशा रीतीने हजारी २८ भाग क्षारतेपर्यंत तग धरतो. समुद्राची क्षारता साधारण हजारी ३५ असते.

मला याहून नवल वाटले ते त्याच्या पिल्लांचे, म्हणजे भैकेरांचे. ती हजारी ३९ पर्यंतचे पाणी सोसतात, परंतु युरियाच्या आधाराने नव्हे. हाडे असलेल्या माशांप्रमाणे ती जादा क्षार शरीराबाहेर टाकून रक्त पातळ राखतात. एकाच प्राण्याच्या आयुष्यात, शेपूट नाहीसे होण्याच्या सुमारास, पाणी टिकवण्याची पद्धतच बदलते. या विषयात शिरायचे असेल तर या बदलाशी थांबून विचार करावा, कारण मुलाखतीतील चांगले प्रश्न इथूनच निघतात.

आता सोलापूरचे. खारे पाणी हा बेडकाच्या दृष्टीने दुष्काळच असतो: भोवती पाणी असूनही ते त्याला मिळत नाही. अमेरिकेच्या वाळवंटात जमिनीत पुरून राहणारे स्पेडफूट बेडूक कोरड्या मातीत पाणी टिकवण्यासाठी युरियाच साठवतात, हे वाचल्यावर मला माझा विषय परका वाटेनासा झाला. आपल्याकडेही जमिनीत दडून राहणारे आणि मृगाच्या पहिल्या दणक्याला बाहेर येणारे बेडूक आहेत. त्यांच्याविषयीचे प्रश्न विचारायला किनाऱ्यावरच्या विद्यार्थ्यापेक्षा आपण अधिक सोयीच्या जागी आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपकरणांच्या बाबतीत मात्र मी शहाणपण महाग विकत घेतले. तुलनेसाठी कोकणातील एका खाडीवर गेले असताना रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे पाण्याची क्षारता मोजण्याच्या उपकरणाच्या, काचेवर थेंब ठेवायचा, झाकण लावायचे, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या रेषेवरचा आकडा वाचायचा, असे दिवसभर चालले होते. रात्री मुक्कामी सहज नळाच्या पाण्याचा थेंब ठेवला, तर रेषा ४ वर! निघताना ऊर्ध्वपातित पाण्याने शून्य लावून घेतलाच नव्हता. सगळ्या नोंदींतून ४ वजा करावेत असे मनात आले, परंतु रेषा केव्हा सरकली हे ठाऊक नसल्याने चौदाही नोंदींवर काट मारली. आकड्यांचे एककही जपावे. हजारी २८ म्हणजे शेकडा २.८, माझ्या पहिल्या मसुद्यात ते ‘२८ टक्के’ पडले होते आणि मार्गदर्शक सरांनी त्याखाली लाल शाईने फक्त ‘लोणचे?’ एवढेच लिहिले होते.

पुढील वाट सर्वांना माहीत असलेलीच आहे: एम.एस्सी., त्यानंतर सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, ज्यात प्राण्यांच्या शरीरक्रियेवर स्वतंत्र घटक आहे, आणि मग पीएच.डी. ओळख पटवण्याचे काम शिकायचे असेल, तर पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जतन केलेले नमुने पाहण्यासाठी महाविद्यालयाच्या पत्रासह रीतसर विनंती करावी. जिवंत बेडूक पकडण्यापूर्वी वन विभागाची आणि प्रयोगापूर्वी संस्थेच्या प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. हे अर्ज उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वीच द्यावेत, नाहीतर कागद हाती येईपर्यंत मृग, आर्द्रा दोन्ही उलटून गेलेली असतात आणि बेडूक पुन्हा जमिनीत गेलेले असतात.