जिप्सीची आगोट

आंब्याच्या शेवटच्या पेट्या रवाना झाल्या की आमच्या गुहागरकडे आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, धांदल सुरू होते. मांगरात लाकडं भरायची, कोकमं वाळवायची, सुकी मासळी डब्यात घालायची, घर शाकारून घ्यायचं. याच दिवसांत मी माझ्या जुन्या मारुती जिप्सीसाठी दोन आठवडे वेगळे काढतो. मिरग ७-८ जूनला लागतो, म्हणून २० मेच्या सुमारास गाडी खळ्यात घेतो, चिऱ्यांवर आणि घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) नीट टेकवतो आणि चारही चाकं उतरवतो. निव्वळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी कधीही जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

माझी गाडी १९९८ ची जिप्सी किंग, कापडी टपाची. १९८५ च्या शेवटी आलेल्या पहिल्या जिप्सीला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ मध्ये किंग आली ती १२९८ सीसीची, आणि २००० पासून कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे कंप्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन, आलं. यातली कुठलीही असो, इंजिनाचे भाग चिपळूण-कोल्हापूरकडे अजून मिळतात. चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, कुजला तर मात्र दुसरा मिळत नाही. आमचे मिस्त्रीकाका गाडी बघायला आले की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी खाली निजून बघ, बॉनेट मागाहून." म्हणून ही यादीही खालूनच सुरू करतो.

पहिलं काम धुण्याचं, आणि ते पाऊस पडायच्या आत. पावसात गाडी आपोआप धुतली जाईल असं वाटतं, पण पाऊस फक्त वरचं मीठ धुतो. चासीच्या आतल्या बाजूला, कमानींच्या (लीफ स्प्रिंगच्या) पाट्यांमध्ये, चाकांवरच्या पत्र्याच्या वळलेल्या कडेत बसलेलं मीठ तसंच राहतं, त्यावर लाल चिखलाचा थर बसतो आणि तो चिखल पुढचे चार महिने ओलाच असतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे किनाऱ्यावर गंज धरायला पाऊससुद्धा लागत नाही. धोपाव्याहून दाभोळला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, आमच्या जंगारात, गाडी चढवताना उतरत्या धक्क्यावर खारं पाणी चाकांवर उडतं, ते त्याच दिवशी धुवावं. धुताना पाणी कुठलं, ते बघा. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे तिला हाताने मीठ चोळणं. मी वरच्या आवाठातल्या विहिरीचं गोडं पाणी पिंपांत भरून आणतो.

जिप्सीची चासी शिडीसारखी, बंद पेटीच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची आहे. पट्ट्यांना खालून पाणी निचरायची भोकं असतात आणि ती मातीने बुजतात. तारेने सगळी भोकं मोकळी करा, पुढच्या भोकातून नळी घालून पाणी सोडा आणि मागून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबू नका. पहिल्या वर्षी माझ्या गाडीतून घमेलंभर माती निघाली होती. नंतर दोन दिवस कडक ऊन द्या. मग छोटी हातोडी घेऊन चासीभर ठोकत फिरा. निरोगी पोलाद खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. कमानींची टोकं पकडणारे हँगर आणि शॅकल जिथे चासीला जोडलेत तिथे, बॉडी माउंटच्या रबरांखाली, बॅटरीच्या तबकाखाली, पुढच्या चाकामागच्या पत्र्यात आणि काचेच्या चौकटीच्या खालच्या कडेला जास्त वेळ द्या. चटया उचलून तळाच्या पत्र्यालाही हात लावून बघा.

काळं अंडरकोटिंग दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ही गाडी घेतली तेव्हा खालून नवीकोरी काळी होती आणि मला ते फार बरं वाटलं होतं. पहिल्याच आगोटीत ते खरवडलं, तर उजव्या मागच्या हँगरपाशी माझं बोट आत गेलं. गंजावर कोटिंग फासलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आतून खात जाते. असं ठिकाण सापडलं तर लांबी (पुट्टी) भरून झाकू नका. कुजका भाग चांगल्या पोलादापर्यंत कापून जाड पत्रा वेल्ड करून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, एमपीएफआय गाडीत कंप्युटरचा कनेक्टरही सोडवा, आणि काम मागच्या बाजूला असेल तर पेट्रोलची टाकी खाली उतरवा. यात घाई नको.

रंगाचा क्रम असा ठेवा. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढायचा, उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावायचं, ते काळं पडून वाळलं की इपॉक्सी प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात शेवटी कोटिंग. पेटीच्या आतून मेणाचा कॅव्हिटी स्प्रे मारतो, कारण ब्रश तिथे पोचत नाही. आमच्याकडे खालून जळकं ऑइल मारायची जुनी पद्धत आहे. मी ती सोडली. त्याने रबरी बुश फुगतात, आणि ठिबकणारं ऑइल पहिल्या पावसात उताराने थेट आमच्या विहिरीकडे जातं.

आता कमानी. चारही बाजूंना पाट्यांच्या कमानी आहेत, म्हणून तपासणी सोपी. तुटलेला पाटा, एका बाजूला सरकलेला पाटा, चिरलेले शॅकल बुश डोळ्यांना दिसतात. कमान अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट आवळा आणि पहिल्या कच्च्या फेरीनंतर पुन्हा आवळा. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारे प्रोपेलर शाफ्ट या गाडीत तीन आहेत, कारण ती पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते. एक गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत, एक पुढे, एक मागे. शाफ्टच्या सांध्यातल्या प्रत्येक क्रॉसला ग्रीस भरताना जुनं काळं ग्रीस चारही टोपणांतून बाहेर येईपर्यंत पंप मारा. एखाद्या टोपणातून लाल भुकटी आली तर तो क्रॉस संपला, लगेच बदला. ट्रान्सफर केसची रबरं दबली असतील तर गाडी जागेवरून हलवताना खालून धक्का बसतो आणि लिव्हर उडते. बरेच जण तेव्हा क्लचला दोष देतात.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि अॅक्सलचं ऑइल बदलताना आधी भरायचं बूच उघडा, नंतर सोडायचं. जुन्या गाडीत भरायचं बूच अडकलेलं असू शकतं, आणि ऑइल सोडून दिल्यावर ते कळलं तर गाडी जागेवरच अडकते. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. त्यामागचं कारण असं की चालून तापलेला अॅक्सल पऱ्याच्या (ओढ्याच्या) थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या भोकातून, नाहीतर सीलमधून पाणी ओढून घेते. म्हणून दोन्ही अॅक्सलच्या ब्रीदरना रबरी नळी जोडून ती वर, पुढची बॉनेटखाली आणि मागची टपाच्या पट्टीजवळ, बांधून ठेवा. अगदी स्वस्तातलं काम आहे, आणि माझ्या मते कोकणातल्या जिप्सीला यासारखी दुसरी सोय नाही.

पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीस ओघळलेलं दिसलं तर नकलचे, म्हणजे चाक जिथे वळतं त्या सांध्याचे, सील गेलेत. ६० च्या आसपास स्टिअरिंग थरथरू लागलं तर आधी चाकांचं बॅलन्सिंग, मग टाय रॉडचे एंड, मग किंगपिनचे (ज्या खिळीवर चाक वळतं तिचे) बेअरिंग, याच क्रमाने जा. नवा स्टिअरिंग डॅम्पर लावला की थरथर दबते, पण सैल झालेला किंगपिन तसाच राहतो.

ब्रेकबद्दल मी जरा हट्टी आहे, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी कुंभार्ली घाट उतरत होतो, मागे नारळाची पोती होती. एका वळणाआधी पेडल थेट फरशीला लागलं. दुसऱ्या गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी डोंगराच्या बाजूला घासत थांबवली, शेजारी मुलगी बसली होती. नंतर कळलं की चासीवरून मागे जाणारा पोलादी पाइप एका क्लिपखाली कुजला होता. वरून तो अगदी ठीक दिसत होता. तेव्हापासून दर आगोटीला प्रत्येक क्लिप सोडून तिच्याखालचा पाइप बघतो. खड्डे पडले असतील तर तुकडा जोडत बसू नका, सबंध पाइप नवा घाला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलावं, आमच्या दमट हवेत त्याहून जास्त थांबू नये. मागचे ड्रम उघडून माती झटका. पावसात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा.

इंजिनाकडे एवढ्या उशिरा आलो, आणि तिथलं काम लवकर आटपतं. टायमिंग पट्टा रबराचा आहे. किलोमीटर कमी झालेत म्हणून तो नवा ठरत नाही, वर्षं मोजा. रेडिएटरच्या जाळीतली लाल धूळ आतून बाहेर पाणी मारून काढा. कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरचं झाकण पुसून कोरडं करा, चीर दिसली तर बदला, पावसाळी सकाळी गाडी सुरू न होण्यामागे बहुधा तेच असतं. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते चासी या अर्थिंगच्या वायरी सोडून घासा, परत आवळून वर पेट्रोलियम जेली लावा. दिवे मंद आणि हॉर्न घोगरा, या तक्रारी निम्म्या तिथेच मिटतात. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या नळ्या वाकवून बघा, भेगा दिसल्या तर इथेनॉल चालेल अशाच नव्या घाला.

टायरचं वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं. शेवटचे चार आकडे २३१९ असतील तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली असली तरी कडक पडलेला टायर ओल्या जांभ्यावर घसरतो. कागदांत नोंदणीची मुदत बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर आहे, शिवाय एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आहे. विमा आणि पीयूसी जून लागायच्या आत.

गाडीत ठेवायचं सामान माझं थोडं आहे. एक जादा क्रॉस, पंख्याचा पट्टा, फ्यूज, दोरखंड, फावडं, चिखलात टायरखाली घालायला चार गोणपाटं आणि वाटेवर पडलेली फांदी तोडायला कोयती.

सगळं जोडल्यावर सड्यावर (जांभ्याच्या उघड्या माळावर) नेऊन फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांची ओढ, लावून बघा. पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवायचे असतील तर दोन्ही आधी लॉक करा. कोरड्या डांबरावर हे करू नका. पुढच्या आणि मागच्या चाकांना वळणावर वेगळ्या गतीने फिरता यावं अशी सोय मधे नाही, त्यामुळे ताण थेट शाफ्ट आणि गिअरवर येतो. पुळणीवरही नको. तिथलं खारं पाणी आणि वाळू आठवड्यात गाडीखाली घर करतात, भरतीच्या वेळी रुतलेली गाडी काढताना गावाची दमछाक होते, आणि अंजर्ले-वेळासच्या पुळणीवर कासवं अंडी घालतात. तिथे चाक नेणं मला पटतच नाही.

सड्यावरून परतलो की यू-बोल्ट पुन्हा आवळतो, चटया काढून माळ्यावर टाकतो, त्या दिवाळीपर्यंत खाली येत नाहीत. तळाच्या पत्र्यातली रबरी बुचंही काढून ठेवतो, म्हणजे टपातून गळलेलं पाणी थांबत नाही. मग मांगरात खुंटीला टांगलेल्या वहीत तारीख, ऑइल आणि बदललेले भाग लिहितो. या वर्षीची शेवटची ओळ डाव्या पुढच्या सीलची आहे. थोडं पाझरतंय, गणपतीआधी पुन्हा उघडायचं.