घर सजवताय? जुनं भंगारात देण्याआधी या चुका टाळा

"ताई, सगळं इको-फ्रेंडली करायचंय, त्यामुळे आधीचं फर्निचर काढून टाकू." पुण्यात घरं सजवण्याचं काम करताना हे वाक्य मी फार वेळा ऐकते. घरात चाळीस वर्षांचं सागवान असताना ते भंगारात द्यायचं आणि नवं बांबूचं कपाट आणायचं, ही सगळ्यात मोठी चूक. पॉलिश उडालं असेल, सांधे ढिले झाले असतील, पण लाकूड मुरलेलं असतं. मी घर बघायला गेले की आधी माळा उघडायला लावते.

जुन्या दाराला कोरडा सँडपेपर मारू नका

वाड्याच्या पाडकामातलं दार आणलं की लगेच घासायला घेतात. थांबा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारे नियम २०१६ मध्ये झाले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. म्हणून दार ओलं करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्या. मुलं त्या दिवशी आजोळी गेलेली बरी.

रंधा चालवण्याआधी लोहचुंबकही फिरवा. एकदा भोकं बुजवायच्या लांबीखाली (पुट्टीखाली) डोकं तुटलेला खिळा दडला होता. मशीनच्या पात्याचा टवका उडाला आणि आमच्या सुतारदादांच्या गालाला घासून गेला. डोळा दोन बोटांवर होता. तेव्हापासून चुंबक माझ्या पर्समध्येच असतो.

बांबूखाली पिवळट भुगा दिसतोय?

बांबूतल्या स्टार्चवर भुंगेरे जगतात. घेतानाच विचारा: कधी तोडला, बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात मुरवला होता का? वरून वार्निश मारून उपयोग नाही, कीड आत असते. थोडी भोकं असतील तर सुईने तेच द्रावण आत सोडा आणि नीट वाळू द्या. भार घेणारा दांडा पोखरला असेल तर मात्र बदलाच.

भिंतीला पोपडे येत असतील तर आधी गळती शोधा. ओल तशीच राहिली तर महागातला 'नैसर्गिक' रंगही टिकत नाही.

वारली हवी, पण चित्रकार नको?

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी लोक स्टेन्सिल मारून मोकळे होतात. चित्रकाराला बोलवा, ठरलेले पैसे द्या आणि काय काढायचं ते त्यांनाच विचारा. लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नघरातल्या भिंतीवरचं पवित्र चित्र, सवाशिणी काढतात, त्यात पालघाट देवी असते. टीव्हीमागे 'डिझाइन' म्हणून तो मागू नये.

आता माझ्यासारख्या छोट्या व्यावसायिकांसाठी. "पार्टीकडून आले की देतो" असं कारागिरांना सांगणं सोडा. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून काम घेतलं तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. आमचे सुतारदादा कुठे नोंदलेले नाहीत, त्यांच्या मागे कायदा उभा नाही. म्हणून कोटेशनमध्ये मी मजुरीची ओळ वेगळी लिहिते. घासाघीस झाली तर माझी फी कमी करते, त्या ओळीला हात लावू देत नाही. त्यांचा हिशोब दर शनिवारी, काम आवरायच्या आधी.