सोलापुरातून आकाश पाहताना या चुका टाळा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो : मृग लागला, मग मृग नक्षत्र आकाशात दिसत का नाही? पेरणीच्या तोंडावर ज्याचे नाव सतत घेतले जाते, ते नक्षत्र त्या दिवसांत डोक्यावर असणार, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे आहेत. ७-८ जूनच्या सुमारास ‘मृग लागतो’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो, त्यामुळे ते नक्षत्र सूर्याबरोबरच उगवते, सूर्याबरोबरच मावळते आणि दिवसाच्या उजेडात हरवून जाते. मृग पाहायचा तो हिवाळ्यात, आणि जानेवारीअखेर रात्री नऊच्या सुमारास तो ऐन मध्यावर येतो. जूनच्या मध्यावर त्याच वेळी ढग फाटले, तर स्वाती मात्र जवळजवळ थेट माथ्यावर असते, कारण तिची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंशांतील अंतर) आणि सोलापूरचा अक्षांश यांत जेमतेम दीड अंशाचा फरक आहे.

दुसरी चूक जागेच्या निवडीत होते आणि माझ्या मते तीच सर्वांत महागात पडते. अंधार हवा म्हणून अनेक जण बार्शी रस्त्याने नान्नजकडे निघतात. माळढोक अभयारण्याच्या हद्दीत रात्री विनापरवानगी शिरणे मुळातच अयोग्य आहे, पण ते बाजूला ठेवले तरी उत्तरेला गेल्यावर सोलापूर शहराचा सगळा झगमगाट दक्षिण क्षितिजावर येतो. आपल्या अक्षांशाचे खरे वैभव तर दक्षिणेलाच आहे. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने अगस्तीचा तारा येथून क्षितिजाच्या जवळपास २० अंश वर चढतो, तर दिल्लीहून तो कसाबसा नऊ अंश वर येतो. हात ताठ करून डोळ्यांसमोर धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. या हिशेबाने अगस्ती दोन मुठी उंचीवर, तर त्रिशंकू या क्रूसाच्या आकाराच्या दक्षिणी तारकासमूहाचा सर्वांत खालचा तारा एका मुठीहूनही कमी उंचीवर असतो, म्हणजे एखादे कडुलिंबाचे झाडही त्याला झाकण्यास पुरेसे आहे. म्हणून विजयपूर रस्त्याने मंद्रूपच्या दिशेने जावे आणि ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून दक्षिणेकडे मोकळे असलेले रान निवडावे. गाळप हंगामात जवळपास साखर कारखाना असेल, तर त्याचे दिवे आणि धूर दक्षिणेला येणार नाहीत, हेही दिवसा जाऊन पाहून घ्यावे.

त्रिशंकूच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. मार्चअखेर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला चार ताऱ्यांचा एक मोठा क्रूस दिसतो आणि ‘त्रिशंकू सापडला’ म्हणून मंडळी खूश होतात. तो आभासी क्रूस असतो. खरा त्रिशंकू आकाराने लहान पण अधिक तेजस्वी असून, मेच्या मध्यावर रात्री नऊ-साडेनऊला दक्षिणेला आपल्या सर्वाधिक उंचीवर येतो, आणि त्याच्या डाव्या हाताला मित्र व मित्रक ही ताऱ्यांची ठळक जोडी असते. ही जोडी दिसली नाही, तर निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

उन्हाळ्यात गच्चीवरून दुर्बीण लावली की गुरू चुलीवरच्या हवेतून पाहिल्यासारखा थरथरतो आणि दोष दुर्बिणीच्या माथी मारला जातो. वास्तविक दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत असतो आणि त्यावरची हवा खळबळत राहते. मातीच्या किंवा गवताच्या मोकळ्या जागेवर हा त्रास पुष्कळ कमी होतो. घरातून बाहेर काढलेली दुर्बीणही बाहेरच्या तापमानाला येण्यासाठी अर्धा तास तशीच ठेवावी.

दुर्बीण विकत घेताना खोक्यावरचा ‘५२५ पट’ हा आकडा पाहून भुलणारे बरेच असतात, आणि त्यांत एके काळी मीही होतो. उपयुक्त वर्धन साधारणपणे वस्तुभिंगाच्या (पुढच्या मोठ्या भिंगाच्या) मिलिमीटरमधील व्यासाच्या दुप्पट असते, म्हणून ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीने १२० पटींपलीकडे केवळ धूसर गोळा मोठा होत जातो. शनीची कडी तर २५-३० पटींतही ओळखू येतात. नेहमी सर्वांत कमी वर्धनाच्या नेत्रिकेपासून (डोळ्याजवळच्या भिंगापासून) सुरुवात करावी. लक्ष्यच सापडत नसेल, तर बहुधा शोधक दुर्बीण, म्हणजे मुख्य दुर्बिणीवर बसवलेली लहान दुर्बीण, तिच्याशी जुळवलेली नसते. ती दिवसा दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखून जुळवावी. सूर्याकडे मात्र चुकूनही वळवू नये. इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या गतीबरोबर दुर्बीण फिरवता येणारी बैठक) असेल, तर त्याची अक्षांशपट्टी अनेकदा परदेशी प्रदेशाला साजेशा ४० अंशांच्या आसपास लावलेली असते. ती १७.७ अंशांवर आणल्याशिवाय ग्रह नजरेच्या टप्प्यातून निसटत राहतो. नवख्याने तर दुर्बिणीऐवजी १०×५० ची (दहा पट वर्धन, ५० मिलिमीटर भिंगे) द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायची दुर्बीण, घ्यावी, असेच मी सुचवीन.

रात्रीच्या निवडीसाठी सोलापुरातूनच प्रसिद्ध होणारे दाते पंचांग घराघरांत असते. त्यातील चंद्रोदयाची वेळ पाहिली तरी बरीच निराशा टळते. अंधूक वस्तूंसाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत. चंद्रासाठीही पौर्णिमा वाईटच, कारण समोरून पडलेल्या प्रकाशात विवरांच्या सावल्या नाहीशा होतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास त्या उठून दिसतात. डोळे अंधाराला सरावण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलचा एक दृष्टिक्षेप ती सगळी मेहनत वाया घालवतो, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटीन कागद गुंडाळावा.

१३-१४ डिसेंबरच्या रात्रीचा मिथुन उल्कावर्षाव पाहण्यासाठी दुर्बीण घेऊन जाणे निरर्थक आहे, कारण उल्का आकाशात कोठेही चमकतात आणि दुर्बिणीत आकाशाचा ठिपकाभर भागच मावतो. सतरंजीवर उताणे पडून, अंगावर घोंगडे घेऊन, मध्यरात्रीनंतर किमान एक तास तरी पाहत राहावे. पहिल्या दहा मिनिटांत काही दिसले नाही म्हणून परतणाऱ्यांची गाडी बहुधा पहिली मोठी उल्का पडायच्या आतच रस्त्याला लागलेली असते.