अकरा माणसांच्या घरात भाकरी परत आणायची तर

आत्यांचा उजवा खांदा आखडला आणि आमच्या घरातलं खाणं बिघडलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सोलापुरातलं घर, माणसं अकरा, आणि रोज संध्याकाळच्या अठरा भाकऱ्या त्या एकट्या थापायच्या. डॉक्टरांनी परातीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. मी आणि माझी जाऊ दोघी नोकरी करणाऱ्या. पहिला आठवडा पोळ्या विकत आणल्या, दुसऱ्या आठवड्यात पाव आला, मग मुलांना नूडल्स, मोठ्यांना खारी-फरसाण, रविवारी बाहेरची बिर्याणी. दीड वर्षात मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, साखर वाढली, माझे ब्लाऊज मला होईनात आणि किराण्याचं बिल बघून दीर म्हणाले, "वहिनी, आपण लग्नघर चालवतोय का?"

मग सल्ले सुरू झाले. ओट्स खा. क्विनोआ खा. आठवड्याच्या जेवणाचा तक्ता करून फ्रिजला चिकटवा. अकरा माणसांना महिनाभर ओट्स घालून बघा आणि मग मला सांगा. तक्ता मीही केला होता. तिसऱ्या दिवशी ऐन सात वाजता गॅस संपला आणि तक्ता तिथेच राहिला. खाली लिहिलंय ते आमच्याकडे चार वर्षं चाललंय.

पायरी १ : महिनाभर नुसतं लिहा

पुड्यांचा खर्च वेगळ्या पानावर लिहा. बिस्किटं, फरसाण, वेफर्स, सॉस, थंड पेयं, बाहेरून मागवलेलं सगळं. कुणाला काही बोलू नका, बंद करू नका. महिनाअखेरीला ते पान जेवणाच्या वेळी ठेवा, बाकीचं आपोआप होतं.

पायरी २ : तेल आणि मीठ मोजा

दर रविवारी आठवड्याचं तेल एका बाटलीत काढायचं. शनिवारच्या आधी संपलं तर उरलेले दिवस फोडणी चमच्याने. आमचा पंधरा किलोचा डबा पूर्वी सव्वा महिना जायचा, आता सव्वादोन महिने जातो. मिठाला तर हिशेब अजून सोपा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतच ठेवायला सांगितलंय. म्हणजे किलोची पुडी अकरा जणांत अठरा दिवसांच्या आत संपत असेल तर हात जड आहे, आणि त्यात पापड-लोणच्याचं मीठ धरलेलंच नाही.

पायरी ३ : कडधान्य

रोज झोपताना एक कडधान्य भिजत घाला. मटकी, हुलगे, मूग, चवळी, हरभरे, असा फेरा. अर्धा किलो कोरड्या मटकीची उसळ अकरा जणांना पुरून मुलांच्या डब्याला उरते. थंडीत मोड येत नसतील तर फडक्यात बांधून डब्यात ठेवा आणि डबा पिठाच्या पिंपात. संपलं.

पालेभाजी बाजार उठायच्या वेळेला घ्या. जी ढिगाने पडलीय तीच घ्यायची, मनात ठरवून गेलेली नाही.

पायरी ४ : ज्वारी, आणि तिच्याबद्दलचं खरं

"ज्वारी खा, गरिबाचं अन्न, स्वस्तात पडतं" असं सांगणाऱ्याने गेल्या काही वर्षांत धान्याच्या दुकानाची पायरी चढलेली नाही. चांगली मालदांडी ज्वारी आमच्याकडे बहुतेक वेळा गव्हापेक्षा महाग मिळते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे साल सगळ्या जगाने भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, त्यात शहरात मागणी वाढली. पैसे वाचतात ते ज्वारीत नाही. भाकरीबरोबर पिठलं चालतं, ठेचा चालतो, शेंगाची चटणी आणि कांदा चालतो, नुसतं ताक चालतं. पावाबरोबर काहीतरी विकत आणावंच लागतं.

दुसरं, साखरेचं. भाकरीने साखर उतरते अशी एक समजूत पसरलीय. मामांनी सुरुवातीला आनंदाने चार-चार भाकऱ्या खाल्ल्या आणि तपासणीत आकडा होता तिथेच. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ आणि पालेभाजी असं ताट झालं तेव्हा तो हलला. ज्वारीत लायसीन नावाचं प्रथिनातलं एक अंग कमी असतं आणि डाळी-कडधान्यांत ते भरपूर असतं, त्यामुळे भाकरीशेजारी आमटी-उसळ असणं हा नुसता चवीचा भाग नाही.

आम्ही सकाळी पोळी आणि संध्याकाळी भाकरी ठेवली. त्याला दिवसाला साधारण सव्वा किलो पीठ लागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी शाळू ज्वारी आली की जमेल तेवढी एकदम घ्यायची, दोन-तीन उन्हं द्यायची, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत ठेवायची.

दळण मात्र साठवायचं नाही. एका वेळी दहा-बारा दिवसांचंच दळून आणा. गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा आणि हरभऱ्याच्या डाळीवर टाकू नको म्हणून बजावा. आणलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात कोंबून झाकण लावलं की लवकर कडवट होतं. कागदावर पसरा, गार होऊ द्या, मग भरा.

पायरी ५ : भाकरी

इथे माझी दोन महिने जिरली, म्हणून इथे जरा बसा.

आत्यांचं बघून मी परातीत पीठ घेतलं, मध्ये आळं केलं, गरम पाणी घातलं, मळलं. माझी अक्कल अशी की अठरा भाकऱ्यांचं पीठ एकदमच मळून ठेवलं, पोळ्यांच्या कणकेसारखं. पहिल्या पाच बऱ्या झाल्या. सहावीला कडेला चिरा पडायला लागल्या, नववी परातीतून उचलली ती अर्धी हातात आणि अर्धी परातीत. धाकटा पुतण्या ताटावर बसून म्हणाला, "मोठी काकू, हिला चमच्याने खायचं का?" मामा काही बोलले नाहीत. त्यांनी तुकडा बोटांत दाबून पाहिला आणि आत्यांकडे बघून म्हणाले, "विरी नाही."

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, धरून राहायची ताकद. गव्हात ग्लुटेन असतं, त्याने कणीक ताणली जाते आणि मुरली की अजून चांगली होते. ज्वारीत ते नसतंच. पिठातला स्टार्च गरम पाण्याने फुलतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. त्यामुळे तीन गोष्टींनी घात होतो. पीठ जुनं असलं तर, पाणी कोमट असलं तर, आणि नुसत्या गरम पाण्याने मळलेला गोळा ठेवून दिला तर. मी तिन्ही केल्या होत्या. दुकानातलं पाकिटातलं पीठ, गिझरचं पाणी, आणि पाऊण तास आधी मळलेला गोळा.

थापणाऱ्या बायका एकेका भाकरीपुरतंच पीठ पुन्हा मळून घेतात, ते यासाठी. जिला तो हात आहे तिने खुशाल थापाव्यात, तशी भाकरी दुसरी नाही. पण त्याला वर्षं लागतात, आणि अकरा माणसं जेवायला आज बसणार आहेत. तुम्ही उकड काढा आणि लाटा. लाटलेली भाकरी म्हणजे भाकरीच नव्हे असं आत्याही म्हणायच्या. मी त्यांना म्हटलं, "आत्या, तुमच्या हाताची भाकरी तुमच्या हाताबरोबर थांबली. ही तुमच्या लेकालाही येईल." त्या दोन दिवस माझ्याशी तोडून बोलल्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसल्या आणि पाण्याकडे बघून म्हणाल्या, "अजून उकळलं नाही ते."

तर उकड. चार वाट्या पिठाला साडेतीन वाट्या पाणी. यात बेताच्या आकाराच्या सहा भाकऱ्या होतात. पाण्यात चिमूटभर मीठ. पाणी खळखळून उकळलं पाहिजे, बुडाशी बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं असं नाही. गॅस बारीक करा, सगळं पीठ एकदम ओता, उलथण्याच्या दांड्याने भराभर फिरवा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की गॅस बंद आणि झाकण. दहा मिनिटं उघडून बघायचं नाही.

मग परातीत काढा आणि गरम असतानाच मळा. हात पोळतो म्हणून लोक गार होऊ देतात आणि सगळं मुसळ केरात जातं. आधी वाटीच्या बुडाने दाबून घ्या, मग गार पाण्याचा हात लावत तळहाताच्या गादीने पुढे रगडा. चार-पाच मिनिटं, घड्याळ लावून. गोळा दोन तळव्यांत दाबला तर कडेला चीर पडता कामा नये. पडली तर पाण्याचा हात आणि अजून मळणं. हा गोळा ओल्या फडक्याखाली अर्धा-पाऊण तास सहज राहतो. उकड काढण्यातला फायदा हाच. तरी अठराची उकड एकदम काढू नका. एवढा गोळा घरगुती हाताने रगडला जात नाही. सहा-सहाच्या तीन काढा, पहिलीच्या भाकऱ्या तव्यावर असताना दुसरीचं पाणी चढवा.

पीठ जुनं निघालं आणि टाकवत नसेल तर दहा वाट्यांना एक वाटी उडदाचं पीठ मिसळा. खानदेशातली कळण्याची भाकरी ज्वारी-उडदाचीच असते, त्यामुळे ही काही लबाडी नव्हे. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालायला सांगणाऱ्याला मात्र जेवायलाही बोलावू नका.

लाटताना खाली सढळ हाताने पीठ, लाटणं हलकं, आणि मध्यापेक्षा कड पातळ नको. तवा लोखंडी किंवा बिडाचा, चांगला तापलेला. नॉनस्टिकवर ती भाजली जात नाही, वाफाळते. भाकरी टाकल्याबरोबर वरच्या बाजूला सगळीकडे पाणी फिरवा, कडेपर्यंत. आता तव्यावरून नजर काढू नका. पाणी अजून ओलसर चमकतंय पण वाहत नाही, अशा वेळी उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटते, पूर्ण वाळल्यावर उलटली तर तडे जातात आणि मग ती फुगत नाही. माझ्या निम्म्या भाकऱ्या याच अर्ध्या मिनिटात बिघडल्या, कारण मी तेवढ्यात फोडणीला मोहरी टाकून यायचे. पाण्याची बाजू तव्यावर तांबूस ठिपके येईपर्यंत नीट भाजू द्या. मग तवा बाजूला सरकवून पहिली बाजू, जी तव्यावर थोडाच वेळ होती, ती थेट जाळावर धरा. फुगते.

एकटीने करू नका. एकाने लाटायचं, एकाने भाजायचं, दोन तवे. आमच्या अठरा भाकऱ्या आता पस्तीस-चाळीस मिनिटांत होतात. सोमवार-मंगळवार मी आणि नवरा, बुधवार-गुरुवार जाऊ आणि माझी मोठी लेक, पुढचे दोन दिवस दीर आणि त्यांचा थोरला. रविवारी ज्याला भूक लागेल तो. पुरुषांना शिकवताना त्यांची पहिली दहा भाकऱ्यांची रास हसून खा; माझ्या दिराने पहिल्या दिवशी आफ्रिकेचा नकाशा केला होता, तोही पिठल्यात बुडवून संपला.

पायरी ६ : ठेवणं

गरम भाकऱ्या बंद डब्यात एकावर एक रचल्या तर त्यांना घाम सुटतो आणि खालच्या दोन लगदा होतात. दुरडीत फडकं घालून जरा तिरक्या, एकमेकींना टेकून उभ्या ठेवा.

तीन-चार भाकऱ्या मुद्दाम जास्त करा. सकाळी त्यांचा कुस्करा करून कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्यांची फोडणी दिली की मुलांचा नाश्ता झाला आणि बिस्किटांचा पुडा उघडायची वेळ येत नाही. मामांना मात्र शिळी भाकरी ताकातच लागते, वर जवसाची चटणी. शनिवारी दिरांची पाळी असते आणि त्यांच्या भाकऱ्या अजूनही जाडच होतात, म्हणून त्या दिवशी मी आमटी जरा पातळ ठेवते.