स्टॅलॅग्माइटचे वय काढण्यासाठी युरेनियम-थोरियम नमुना कसा तयार करावा

गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातले थोडेसे युरेनियम स्टॅलॅग्माइटच्या, म्हणजे गुहेच्या जमिनीवरून थराथराने वर वाढणाऱ्या चुनखडी खांबाच्या, थरांत अडकते. थोरियम पाण्यात जवळजवळ विरघळतच नसल्यामुळे ते सुरुवातीला तिथे नसल्यातच जमा असते. पुढे युरेनियमच्या ऱ्हासातून थोरियम-२३० साठत जाते आणि दोघांच्या प्रमाणावरून थराचे वय निघते. मेघालयातील मॉमलुह गुहेच्या ज्या स्टॅलॅग्माइटवरून २०१८ मध्ये ‘मेघालयन’ या सध्या चालू असलेल्या भूशास्त्रीय कालखंडाची सुरुवात निश्चित झाली, त्याचे वयही याच पद्धतीने काढलेले आहे.

दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या बारीक ड्रिलने थराच्या रेषेला धरून सुमारे १०० मिलिग्रॅम भुकटी काढावी. मातीचा करडा पट्टा टाळावा, कारण मातीबरोबर बाहेरचे थोरियम येते आणि वय उगाच वाढते. भुकटी धुतलेल्या टेफ्लॉन पात्रात तोलावी, शुद्ध पाण्याने ओली करावी आणि मग नायट्रिक आम्ल थेंबाथेंबाने सोडावे. घाई केली तर फेसाबरोबर नमुनाच बाहेर उडतो.

आता स्पाइक, म्हणजे थोरियम-२२९, युरेनियम-२३३ आणि युरेनियम-२३६ यांचे ज्ञात प्रमाणाचे द्रावण; त्याच्याशी तुलना करूनच नमुन्यातले युरेनियम आणि थोरियम मोजले जाते. ते मिलिलिटरवर विसंबून न घालता तोलूनच घालावे आणि बाटलीचे झाकण लगेच लावावे; पाणी उडाले की द्रावण दाट होते आणि ती चूक प्रत्येक नमुन्यात उतरते. स्पाइक आणि नमुना तापवून पूर्ण एकजीव होईपर्यंत थेंबही वाया जाता कामा नये. एकजीव झाल्यावर मात्र थोडे द्रावण सांडले तरी गुणोत्तर बदलत नाही, म्हणून वय बिघडत नाही. तिथून पुढे खरा शत्रू बाहेरून येणारी भेसळ हाच. सेंद्रिय पदार्थ जाळण्यासाठी पर्क्लोरिक आम्लाचे थेंब घालायचे असतील, तर ते त्या आम्लासाठीच बनवलेल्या, पाण्याने धुता येणाऱ्या धूरकपाटातच घालावेत. नमुन्याच्या किरणोत्सर्गापेक्षा इथली आम्लेच अधिक घातक असतात.

नंतर लोहाचे द्रावण घालून अमोनिया सोडावा. पिवळसर पाण्यात अचानक गंजाच्या रंगाचे तंतुमय गोळे दिसू लागतात; युरेनियम व थोरियम त्यांच्याबरोबर खाली बसतात आणि कॅल्शियम वर राहते. अमोनिया ताजा हवा, कारण जुन्या बाटलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून कार्बोनेट होते आणि ते युरेनियमला द्रावणातच धरून ठेवते.

गाळ धुऊन ७ मोलर नायट्रिक आम्लात विरघळवावा आणि अ‍ॅनायन रेझिनच्या (ऋणभारित आयन पकडून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) छोट्या स्तंभावर चढवावा. थोरियम तिथे घट्ट बसते, युरेनियम सैल. म्हणून लोह निघून जाईल इतपतच धुवावे. मग ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने थोरियम आणि शेवटी पाण्याने युरेनियम वेगवेगळ्या पात्रांत उतरवावे.

बाहेरून किती भेसळ आली ते कळावे म्हणून प्रत्येक तुकडीत भुकटीविना एक कोरा नमुना हाच सगळा प्रवास करून आणावा. थोरियम आणि युरेनियमचे दोन्ही अंश सुकवून एक टक्का नायट्रिक आम्लात घ्यावेत. थोरियम भांड्याच्या भिंतीला चिकटू नये म्हणून त्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाचा अगदी अल्प अंश असावा, आणि ते हाताळताना कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम हाताशी ठेवावे. मग नळ्यांवरच्या खुणा तपासून त्या मास स्पेक्ट्रोमीटरकडे, म्हणजे अणू वस्तुमानानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राकडे, न्याव्यात, शक्यतो लवकरच.